दुखणे ओटीपोटाचे, दोष शिरांचा

चारचौघांत बोलू नयेत असे जे विषय आपल्या समाजाने ठरवून टाकले आहेत, त्यांत बायकांच्या ओटीपोटाचे दुखणे हा एक होय. डोके दुखले तर ते घरात सर्वांना कळते. गुडघा दुखू लागला तर शेजारीपाजारी तेल सुचवितात. ओटीपोट दुखते हे मात्र सासूला सांगायचे नाही, नवऱ्याला सांगून उपयोग नाही, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर शब्द फुटत नाहीत. ‘दुखणे अंगावर काढणे’ हा जो वाक्प्रचार आपल्या भाषेत आहे, तो मुख्यतः बायकांनीच जिवंत ठेवला आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि शरीराविषयी उघड व स्वच्छ बोलण्याची वाट पाडली. इतक्या वर्षांनंतर नागरिकांच्या सभेत हा विषय मांडताना संकोच बाळगण्याचे कारण उरलेले नाही. म्हणून आम्ही तो सरळच मांडणार आहोत.

ह्या संकोचाची किंमत किती मोठी असते, ह्याचा हिशेब महाराष्ट्रातच एकदा झाला आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग जडलेला होता. आणि पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ होत्या. म्हणजे दुखणे घरोघर होते, पण ते विचारणारे कोणी नव्हते. आज आम्हांस ह्या मोठ्या प्रदेशाच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी बोलावयाचे आहे. हा कोपरा असा आहे की, तेथे स्त्री डॉक्टरांकडे गेली, तपासणी झाली, फोटो निघाले, तरीही पुष्कळदा “काही निघाले नाही” एवढेच उत्तर घेऊन ती परत येते.

दुखण्याची ओळख

सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून राहिलेल्या ओटीपोटाच्या दुखण्यास वैद्यक ‘जुनाट ओटीपोटदुखी’ असे म्हणते. त्याची कारणे अनेक आहेत. गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल भलत्या ठिकाणी वाढणे, ज्याला एन्डोमेट्रिऑसिस म्हणतात, हे एक कारण. गर्भाशयातील गाठी, जुना जंतुसंसर्ग, आपल्या देशात अजून विसरता न येणारा क्षयरोग, मागील शस्त्रक्रियेनंतर आतड्यांना पडलेल्या चिकट्या, मूत्राशयाचे विकार, आतड्यांचे विकार, कंबरेच्या स्नायूंचे दुखणे, अशी ही यादी लांबविता येईल. एकाच स्त्रीत दोन-तीन कारणे एकत्रही नांदतात. ह्या यादीत अगदी शेवटी ज्याचे नाव घेतले जाते, किंवा घेतलेच जात नाही, असे एक कारण आहे. ते म्हणजे ओटीपोटातील शिरा फुगून त्यांत रक्त तुंबणे. इंग्रजीतून आलेले त्याचे रूढ नाव ‘पेल्व्हिक कंजेशन सिंड्रोम’ असे आहे. अलीकडे तज्ज्ञ मंडळी त्याऐवजी ‘पेल्व्हिक व्हेनस डिसऑर्डर’, म्हणजे ओटीपोटाच्या शिरांचा विकार, हे नाव पसंत करतात. पायांवर निळ्या, गाठाळ, वेड्यावाकड्या शिरा उठलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. विश्वकोशाच्या भाषेत त्यांना ‘अपस्फीत नीला’ म्हणतात; लोक ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. तोच प्रकार दृष्टीआड, गर्भाशयाच्या व अंडाशयाच्या भोवताली घडतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

ह्या दुखण्याचा स्वभाव मोठा सांगण्यासारखा आहे. बहुधा स्त्री तिशी-चाळिशीतली असते आणि तिची एकापेक्षा अधिक बाळंतपणे झालेली असतात. दुखणे सुरी खुपसल्यासारखे नसते. ओटीपोटात जडपणा असतो, खाली ओढल्यासारखे वाटते, मंद ठणका लागून राहतो. सकाळी उठल्यावर ते कमी असते, दिवस चढेल तसे चढते आणि संध्याकाळी असह्य होते. पाळीच्या आधी ते वाढते. पतिपत्नींच्या संबंधानंतर ठणका कित्येक तास राहतो. ही तक्रार स्त्री आपण होऊन सांगत नाही, म्हणून ती विचारावी लागते. काहींच्या मांडीच्या मागच्या बाजूस, कुल्ल्यावर किंवा योनिमुखाजवळ फुगलेल्या शिरा दिसतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फार वेळ उभे राहिले की दुखणे वाढते, आणि आडवे झाले की उतरते.

आता हीच शेवटची खूण घरात कशी ऐकली जाते ते पाहा. सून ओट्याशी तासभर उभी राहिली की तिचे पोट दुखू लागते, आणि अंथरुणावर पडली की थांबते. घरातले काय म्हणणार? “काम निघाले की हिचे दुखते!” शाळेत उभ्याने शिकविणाऱ्या बाई, रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, ह्यांनाही हाच टोमणा थोड्या सभ्य शब्दांत मिळतो. रोगाची जी सर्वांत स्पष्ट खूण, तिचाच कामचुकारपणाचा पुरावा व्हावा, ह्याहून मोठा अन्याय कोणता? आजच्या विवेचनातून श्रोत्यांनी दुसरे काही घरी नेले नाही आणि एवढी एक गोष्ट नेली, तरी आमचे काम झाले असे आम्ही समजू. उभे राहिले की वाढणारे आणि पडले की उतरणारे दुखणे हे नाटक नव्हे. ते पदार्थविज्ञानाच्या नियमाने चालणारे दुखणे आहे.

रक्ताचा उलटा प्रवाह

तो नियम कोणता, हे समजण्यासाठी रक्ताभिसरणाची थोडी उजळणी केली पाहिजे. हृदयाकडून रक्त घेऊन जाणाऱ्या वाहिन्या त्या धमन्या. हृदयाकडे परत आणणाऱ्या त्या शिरा. धमनीतल्या रक्तामागे हृदयाचा जोर असतो. शिरेतले रक्त मात्र पायांपासून, ओटीपोटापासून वर चढवावयाचे असते, आणि तेथपर्यंत हृदयाचा जोर फारसा उरलेला नसतो. मग निसर्गाने काय केले? शिरांच्या आत जागोजागी एका बाजूस उघडणाऱ्या झडपा बसविल्या. रक्त वर गेले की झडप मिटते आणि त्याला खाली येऊ देत नाही. इटलीतील पादुआ येथे फाब्रिसियस ह्या शरीरशास्त्रज्ञाने १६०३ मध्ये ह्या झडपांवर ग्रंथ लिहिला. आणि त्याचाच शिष्य विल्यम हार्वे ह्याने १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरते हे सिद्ध करताना ह्या झडपांचा पुरावा म्हणून उपयोग केला.

अंडाशयातून निघणारी शीर पोटात मागच्या बाजूने बरीच वर चढते. उजव्या बाजूची शीर थेट महाशिरेला, म्हणजे सर्व रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेला मिळते. डावीचे तसे नाही. ती डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते, आणि मग तिचे रक्त त्या शिरेतून महाशिरेकडे जाते. म्हणूनच हा दोष डाव्या बाजूस अधिक आढळतो. पुरुषांतही वृषणाच्या शिरा फुगण्याचा विकार बहुधा डावीकडेच होतो, आणि त्याचे एक कारण हीच रचना होय.

ह्या शिरांच्या झडपा निकामी का होतात? काही स्त्रियांत त्या जन्मतःच नसतात. पण मुख्य कारण गर्भारपण. गर्भ वाढत असताना गर्भाशयाला होणारा रक्ताचा पुरवठा फार वाढतो आणि ते सारे रक्त परत नेण्यासाठी ह्या शिरा मूळच्या कितीतरी पट रुंद होतात. शीर रुंद झाली की झडपेची दोन पाकळीवजा दारे एकमेकांना टेकत नाहीत. बाळंतपणानंतर शिरा पुष्कळशा आक्रसतात, पण काहींच्या पूर्ववत होत नाहीत. आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस त्या अधिकच सैल पडतात. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हा अंतःस्रावही शिरांना सैल करतो. रजोनिवृत्तीनंतर हे दुखणे पुष्कळदा आपोआप उतरते, ते ह्यामुळेच.

झडपा मिटेनाशा झाल्या म्हणजे काय होते, ते नदीकाठच्या लोकांना अधिक सांगावयास नको. धरण भरले की त्याचा फुगवटा मागे सरकत जातो आणि एरवी खळखळणारे ओढे तोंडाशी तुंबून राहतात. स्त्री उभी राहिली की वरच्या शिरेतील रक्ताचा स्तंभ स्वतःच्या भाराने खाली उतरतो. गर्भाशयाभोवतीच्या पातळ शिरांचे जाळे त्या दाबाने फुगते. शिरांच्या भिंती ताणल्या जातात आणि ठणका सुरू होतो. ती आडवी झाली की स्तंभाची उंचीच नाहीशी होते, फुगवटा ओसरतो, आणि दुखणे थांबते.

मग सापडत का नाही?

ह्याचे उत्तर वर आलेच आहे. आपण रोग्यास तपासतो ते आडवे निजवून. सोनोग्राफीही निजवून होते. पोटात दुर्बीण घालून पाहतात तेव्हा तर रोगी निजलेला असतो, पुष्कळदा डोक्याची बाजू खाली केलेली असते, आणि पोटात भरलेल्या वायूचा दाब शिरांवर पडतो. अशा वेळी फुगलेल्या शिरा रिकाम्या होऊन बसतात आणि दुर्बिणीला सारे काही ठीक दिसते. चोर ज्या वेळी घरात नसतो नेमक्या त्याच वेळी झडती घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

तसे पाहिले तर ह्या फुगलेल्या शिरा वैद्यकाला अज्ञात नव्हत्या. फ्रान्समधील शल्यचिकित्सक रिशे यांनी १८५७ मध्येच त्यांचे वर्णन केले होते. अमेरिकेतील हॉवर्ड टेलर यांनी १९४९ मध्ये ओटीपोटातील रक्तसंचय आणि तेथील दुखणे ह्यांचा संबंध विस्ताराने मांडला. परंतु पुढे बराच काळ अशा स्त्रियांच्या कपाळी ‘मनाचे दुखणे’ हाच शिक्का बसत राहिला. १९८४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील प्राध्यापक बेअर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दुर्बिणीच्या तपासणीत काहीच न सापडलेल्या स्त्रियांच्या शिरांत क्ष-किरणांना दिसणारे औषध सोडून चित्रे काढली, तेव्हा त्यांतील बहुतेकींच्या शिरा फुगलेल्या आणि रक्त रेंगाळत असलेल्या आढळल्या. ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि विषयाला नवे वळण लागले.

आज रक्ताच्या प्रवाहाची दिशा दाखविणारी डॉप्लर सोनोग्राफी मिळते. तपासणारा जाणता असेल तर तो स्त्रीला श्वास रोखून कुंथावयास सांगतो, शक्य तेथे उभी करूनही पाहतो, आणि त्या क्षणी रक्त उलटे वाहते की नाही हे नोंदवितो. एमआरआय व सीटी ह्यांनीही शिरांचा नकाशा मिळतो. शेवटचा निर्णय मात्र शिरेतच नळी घालून, औषध सोडून काढलेल्या चित्राने होतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिठ्ठीवर “ओटीपोटाची सोनोग्राफी” एवढेच लिहिलेले असेल, तर तपासणारा गर्भाशय आणि अंडाशय पाहील. शिरांकडे लक्ष जाईलच असे नाही. जे शोधावयास सांगितले जाते तेच बहुधा सापडते.

पिशवी काढण्याची घाई

कारण सापडत नाही, दुखणे थांबत नाही, आणि मुले तर झालेली आहेत; अशा स्थितीत आपल्याकडे एक उपाय फार सहज सुचविला जातो, तो म्हणजे “पिशवी काढून टाका.” गर्भाशय काढणे ही काही प्रसंगी जीव वाचविणारी आणि पूर्णपणे योग्य अशी शस्त्रक्रिया आहे, ह्यात शंका नाही. गर्भाशयात कर्करोग असेल, रक्तस्राव आवरत नसेल, मोठ्या गाठी असतील, तर ती करावीच लागते. परंतु केवळ दुखते म्हणून, आणि दुखण्याचे कारण न शोधता ती करणे, हे छप्पर कोठे गळते ते न पाहता भिंत पाडण्यासारखे आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. त्यामागे दारिद्र्य होते, खाडा पडला की कापली जाणारी मजुरी होती, कर्करोगाची घातलेली भीती होती. त्या साऱ्या स्त्रियांचे दुखणे शिरांचे होते असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आम्हांस दाखवावयाचे आहे ते एवढेच की, दुखण्याचे नाव शोधण्यापूर्वी अवयवावर सुरी चालविण्याची सवय आपल्याकडे किती खोल गेली आहे. शिरांचा दोष असलेल्या स्त्रीचे केवळ गर्भाशय काढले तर वरून उलटे येणारे रक्त तसेच येत राहू शकते आणि दुखणेही उरू शकते. आणि अंडाशयही काढले तर तिला अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे व हृदय ह्यांच्या नव्या चिंता मागे लागतात.

नळीने काढलेली वाट

ह्या कोंडीतून जी वाट निघाली ती स्त्रीरोगतज्ज्ञांच्या शस्त्रक्रियागृहातून निघाली नाही. ती क्ष-किरणांच्या खोलीतून निघाली. तिचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १९२९ मध्ये जर्मनीतील वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी सरकवीत थेट हृदयापर्यंत नेली, आणि त्या अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरणाचे चित्र काढले. त्या वेळी त्याला शाबासकी मिळाली नाही. १९५६ मध्ये मात्र त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी चिरा न देता, केवळ सुईच्या छिद्रातून तार आणि तारेवरून नळी रक्तवाहिनीत घालण्याची युक्ती प्रसिद्ध केली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायाची अरुंद झालेली धमनी नळीनेच रुंद केली. तिने पाय कापून घेण्यास नकार दिला होता. तो पाय वाचला. आतापर्यंत नळी केवळ पाहत होती. त्या दिवसापासून ती बरे करू लागली.

वाहिनी रुंद करण्याप्रमाणेच नको असलेली वाहिनी बंद करणेही कधी कधी आवश्यक असते. त्यासाठी चेझारे जान्तुर्को आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये एक साधे साधन पुढे आणले. पोलादी तारेचे लहानसे वेटोळे, आणि त्याला लोकरीचे धागे गुंफलेले. नळीत असताना ते सरळ राहते, बाहेर पडताच गुंडाळी होऊन वाहिनीत रुतून बसते, धाग्यांभोवती रक्त गोठते आणि वाट बंद होते. त्यालाच ‘कॉइल’ म्हणतात. आज ती प्लॅटिनमसारख्या धातूंची असते. हे साधन आणि ओटीपोटातील फुगलेल्या शिरा ह्यांची गाठ पडली ती १९९३ मध्ये. ब्रिटनमधील एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी अशा दुखण्याने त्रस्त झालेल्या एका स्त्रीच्या अंडाशयाच्या शिरा ह्या मार्गाने बंद करून तिचे दुखणे थांबविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हा उपचार आज जगातील अनेक देशांत केला जातो. आपल्या मोठ्या शहरांतही तो होतो. करणाऱ्या तज्ज्ञास ‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट’ म्हणतात.

प्रत्यक्षात काय करतात?

मानेजवळची किंवा जांघेतील जागा बधिर करतात. रोगी जागी असते. सुईने शिरेत शिरून, बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत मूत्रपिंडाच्या शिरेत आणि तेथून डाव्या अंडाशयाच्या शिरेत नेतात. औषध सोडून, कुंथावयास सांगून, रक्त उलटे येते का हे पाहतात. आल्यास शिरांच्या जाळ्यात फेसासारखे औषध सोडतात. त्याने शिरेचे अस्तर सुकून भिंती एकमेकींना चिकटतात. मग मुख्य शिरेत कॉइल ठेवतात. जरूर पडल्यास उजवीकडे आणि खालच्या शिरांतही हेच करतात, एका बैठकीत किंवा दोन. टाका घालावा लागत नाही. काही तास विश्रांती घेऊन स्त्री बहुधा त्याच दिवशी घरी जाते. पुढचे काही दिवस ओटीपोटात दुखते, बारीक कणकण येते. ते साध्या औषधांनी आवरते. खरा गुण हळूहळू, काही आठवड्यांत दिसू लागतो.

येथे कोणीही शंका घेईल की, शीर बंद केल्यावर त्या भागातले रक्त परत जाणार कसे? शंका रास्त आहे. परंतु बंद केलेली शीर रक्त वर नेण्याचे काम करीतच नव्हती. ती उलट खाली आणीत होती. फुटक्या पाटाचे तोंड बांधले म्हणजे पाणी धड पाटाने वळते, त्याप्रमाणे रक्त चांगल्या शिरांनी जाऊ लागते. ओटीपोटात शिरांचे मार्ग अनेक आहेत.

गुण किती, मर्यादा किती?

अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील किम आणि सहकारी यांनी २००६ मध्ये १२७ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. सरासरी पावणेचार वर्षे पाठपुरावा केल्यावर शंभरांपैकी ८३ स्त्रियांना आराम पडला होता, १३ जणींस फरक नव्हता, आणि ४ जणींचे दुखणे वाढले होते. पाळीत किंवा अंतःस्रावांत ठळक बिघाड आढळला नाही. दक्षिण कोरियात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०६ स्त्रियांची तीन गटांत वाटणी करून नळीचा उपचार आणि गर्भाशय व अंडाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया ह्यांची तुलना केली गेली. दुखणे कमी होण्यात नळीचा उपचार सरस ठरला.

ऐकावयास हे गोड वाटते. परंतु दुसरी बाजू सांगितल्याशिवाय व्याख्यान पुरे होणार नाही. अशा तुलनात्मक अभ्यासांची संख्या थोडी आहे आणि त्यांतील स्त्रियाही थोड्या आहेत. उपचार झाला ह्या समाधानानेच किती दुखणे कमी झाले, हे वेगळे काढणे सोपे नसते. शिवाय फुगलेली शीर दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असेही नाही. इस्राएलमध्ये मूत्रपिंड दान करणाऱ्या निरोगी स्त्रियांच्या तपासण्या अभ्यासून २००२ मध्ये जे प्रसिद्ध झाले, त्यात सुमारे दहांतील एकीच्या अंडाशयाच्या शिरा फुगलेल्या आढळल्या. आणि अशा स्त्रियांपैकी चौकशी करता आलेल्यांत दुखण्याची तक्रार असलेल्या थोड्या निम्म्याहून अधिक होत्या. उरलेल्यांना काहीही त्रास नव्हता. म्हणून केवळ फोटोत शीर रुंद दिसते एवढ्यावरून कॉइल घालून घेणे, हे केवळ दुखते एवढ्यावरून पिशवी काढून घेण्याइतकेच चुकीचे आहे. एक घाई सोडून दुसरी धरण्यात शहाणपण नाही.

आणखी एक अडचण. कधी कधी अंडाशयाची शीर मूळ दोषी नसतेच. मूत्रपिंडाची डावी शीर दोन धमन्यांच्या मध्ये दबलेली असते, किंवा डाव्या पायाकडून येणारी शीर उजव्या धमनीखाली चेपलेली असते. हा दुसरा प्रकार मे आणि थुर्नर यांनी १९५७ मध्ये वर्णिला. अशा वेळी अंडाशयाची शीर ही बिचारी वळणवाट असते; मुख्य रस्ता बंद असताना वळणवाटही बुजविली तर काय होईल ते उघड आहे. ह्यासाठी नळी घालण्यापूर्वी साऱ्या शिरांचा नकाशा पाहणे अगत्याचे असते. धोकेही नमूद केले पाहिजेत. क्वचित कॉइल निसटून फुप्फुसाकडे जाते, क्वचित शिरेला इजा होते, औषधाची अथवा धातूची अॅलर्जी उद्भवते, आणि काहींचे दुखणे काही वर्षांनी परतते. क्ष-किरणांचा संबंध असल्यामुळे गर्भवतीवर हा उपचार करीत नाहीत. सौम्य दुखण्यास प्रथम औषधे, प्रसंगी अंतःस्रावांच्या गोळ्या, देऊन पाहण्याचा मार्गही खुला असतोच.

घरात काय करावे?

मग सामान्य नागरिकाने ह्यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, दुखण्याची वही ठेवावी. दुखणे कधी सुरू होते, उभ्याने वाढते का, निजल्यावर किती वेळात उतरते, पाळीशी त्याचा काय संबंध, हे महिना-दोन महिने लिहून काढावे. डॉक्टरांच्या दृष्टीने अशी वही मोलाची असते. दुसरी गोष्ट, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन इतर कारणे आधी नीट तपासून घ्यावीत. वजन घटणे, अनियमित रक्तस्राव, ताप, पोटात गाठ लागणे, ह्यांतले काही असेल तर क्षणाचाही विलंब करू नये. तिसरी गोष्ट, सारे काही “ठीक” निघाले आणि दुखणे मात्र वर सांगितलेल्या स्वभावाचे असले, तर एकच प्रश्न धीटपणे विचारावा, “डॉक्टर, माझ्या शिरा तपासल्या का?” चौथी गोष्ट, पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर तो कोणत्या कारणासाठी हे लिहून मागावे आणि तातडीचे कारण नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

पाचवी गोष्ट पुरुषांसाठी आणि सासवांसाठी आहे, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वर वर्णिलेल्या कोणत्याही यंत्रापर्यंत स्त्री पोचते ती घरातून निघाल्यावर; आणि घरातून ती निघते ती तिच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवला तर. सुईच्या छिद्रातून शिरेत शिरणारी नळी विज्ञानाने दिली आहे. परंतु “दुखते” हा शब्द खरा मानण्याचे काम कोणत्याही नळीने होणार नाही. ते ज्याचे त्याने आपापल्या घरी करावयाचे आहे.